प्रकल्प नोंदी : एरंडवण्यातील तळघराची खोदाई, ब्रेकर आणि शेजाऱ्यांचे कान

पुण्यात कर्वे रस्त्यापासून आत जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत तीन मजली जुनी इमारत पाडून त्या जागी दोन तळघरे आणि वर अकरा मजले बांधण्याचे काम चालू आहे, आणि मी तेथे साइट इंजिनिअर म्हणून आहे. पाडकाम पावसाळ्यापूर्वीच संपले होते. या नोंदी दिवाळीनंतर सुरू झालेल्या खोदाईच्या आणि त्यानंतर राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या सलग काँक्रीटच्या पायाच्या, काळातील आहेत. आवाजाचे नियोजन असे काही आमच्या मूळ वेळापत्रकात नव्हते, त्यासाठी अंदाजपत्रकात एक रुपयाही धरलेला नव्हता, आणि पुढे जे केले ते बहुतेक सगळे तक्रार आल्यावर केले.

११ नोव्हेंबर

वरची माती आणि मुरूम काढून झाला. साडेतीन मीटरवर काळा पाषाण लागला. एकूण खोली साडेसात मीटर असल्यामुळे उरलेला चार मीटर थर फोडायचा आहे. पुण्यात हे अपेक्षितच होते, पण माती परीक्षणाच्या अहवालात वरचा एक मीटर दगड 'मऊ' म्हटला होता आणि प्रत्यक्षात तो कुदळीला ठिणग्या काढतो. सुरुंग लावण्याचा प्रश्नच नाही, कारण पूर्वेकडची सोसायटी हद्दीपासून सहा मीटरवर आहे. वीस टनी पोकलेनवर ब्रेकर, म्हणजे ठोके मारून दगड फोडणारी यांत्रिक छिन्नी, लावण्याचे ठरले. भाडे तासाला १,६०० रुपये असून दिवसाला किमान आठ तासांचे बिल द्यावे लागते. ही अट मी वाचली, पण तिच्याकडे लक्ष दिले नाही. अंदाज कामाच्या ३० दिवसांचा आहे.

१४ नोव्हेंबर

ब्रेकर सुरू झाला, सकाळी आठ ते सहा, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. पहिल्याच दिवशी चार जण फाटकावर आले. मी त्यांना माझ्या मोबाइलवरील ॲप दाखवले, त्यात आकडा ७८ येत होता, आणि "रस्त्यावरच्या वाहतुकीपेक्षा फारसा जास्त नाही" असे सांगितले. हे विधान चुकीचे होते, हे चार दिवसांनी कळले.

१८ नोव्हेंबर

ओळखीच्या एका सल्लागाराकडून ध्वनिमापक आणि त्याचा कॅलिब्रेटर (मापकाचा आकडा बरोबर आहे का ते तपासणारे उपकरण) दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. पूर्वेकडच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील खिडकीत ८८ डेसिबल भरले. त्याच वेळी माझा मोबाइल ७९ दाखवत होता. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि मोठा आवाज तो वरच्या वर छाटून टाकतो. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी निदान एकदा तरी खरे यंत्र आणावे, नाहीतर शेजाऱ्यांसमोर आपण खोटे ठरतो.

ब्रेकर बंद असताना त्याच खिडकीत सरासरी ६१ भरली. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणजे आम्ही काहीच केले नाही तरी कर्वे रस्ता एकटाच ती मर्यादा ओलांडतो. यावर मी थोडा वेळ खूश झालो, पण ६१ आणि ८८ यांतील अंतर पाहिल्यावर तो युक्तिवाद कोणापुढे करण्याचे धाडस झाले नाही.

२१ नोव्हेंबर

दोन्ही शेजारी सोसायट्यांच्या सचिवांबरोबर आमच्या पत्र्याच्या कार्यालयात बैठक झाली. आवाज कमी करा, असे कोणी म्हणेल असे वाटले होते. प्रत्यक्षात पहिला प्रश्न "तो कधी थांबतो ते सांगा" असा आला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सकाळी ऑनलाइन शिकवण्या घेतात. एक तरुण रात्रपाळी करून सकाळी झोपतो, त्याला सगळे काम दुपारनंतर हवे होते, आणि बाकी सगळ्यांना दुपार शांत हवी होती. हे पुणे असल्यामुळे एक ते चार या वेळेबाबत मतभेद झाला नाही. घासाघीस होऊन ब्रेकरची वेळ सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी साडेतीन ते सहा अशी ठरली, रविवारी पूर्ण बंद. रात्रपाळीच्या तरुणासाठी काहीच करता आले नाही, आणि ते त्याला तोंडावर सांगितले.

वेळापत्रक रंगवून फाटकावर लावले. त्याखाली माझा मोबाइल क्रमांक लिहिला. ठेकेदार म्हणाले, "साहेब, नंबर दिलात, आता झोपा विसरा." पहिल्या आठवड्यात तेवीस फोन आले.

२३ नोव्हेंबर

किमान आठ तासांच्या बिलाची अट आज डोक्यात शिरली. ब्रेकर सहा तास चालतो आणि पैसे आठ तासांचे जातात. मधल्या वेळेत ब्रेकर काढून बकेट लावावी आणि दगड भरावा असा प्रयत्न केला, पण काढण्या-घालण्यात पाऊण-पाऊण तास जातो आणि पिना ठोकतानाचा घणाचा आवाज वेगळाच. तीन दिवस करून हा उद्योग सोडून दिला.

२६ नोव्हेंबर

पूर्वेच्या हद्दीवर आवाजाची भिंत उभी केली. आधीपासून असलेले तीन मीटर उंचीचे पत्रे धूळ अडवतात, पण अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आवाजापुढे पडद्यासारखा असतो, आणि वर तो स्वतःच थडथडतो. भिंतीला वजन लागते. भंगारात जाणारे शटरिंगचे (काँक्रीटच्या साच्याचे) प्लाय दोन्ही बाजूंना लावून मध्ये ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (दगडी लोकर) भरले, ब्रेकरच्या बाजूचे प्लाय भोके पाडून घेतले आणि हे सगळे पाइपच्या सांगाड्यावर पाच मीटरपर्यंत चढवले. त्याहून उंच जाण्यास स्ट्रक्चरल सल्लागारांनी वाऱ्यामुळे नकार दिला आणि पाच मीटरसाठीही मागून तिरपे टेकू घ्यायला लावले. छत्तीस मीटर लांबीला मजुरीसह १ लाख ८४ हजार रुपये खर्च आला, जुने प्लाय फुकट धरून.

दुपारी मोजले तर तळमजल्याच्या खिडकीत ८५. एवढा खर्च करून तीन डेसिबल. संध्याकाळी आत कोणी नसताना मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो आणि एका मजुराला आतून विजेरी मारायला सांगितली. खालच्या कडेला जमीन उंचसखल असल्यामुळे सगळीकडे वीतभर फट होती आणि दोन प्लायच्या सांध्यांतून उजेडाच्या रेघा दिसत होत्या.

२७ नोव्हेंबर

खाली मुरुमाच्या गोण्या रचल्या, सांध्यांवर प्लायच्या पट्ट्या मारल्या. दोन मजूर, एक दिवस, खर्च नगण्य. तळमजल्यावर आकडा ७९ वर आला. आधी पट्ट्या मारल्या असत्या तर कदाचित रॉकवूलवरचा बराच खर्च टाळता आला असता.

मात्र तिसऱ्या मजल्यावर ८७ चे ८६ झाले. तेथून खड्ड्यात सरळ नजर जाते, आणि ब्रेकर जेथून दिसतो तेथे भिंतीचा काही उपयोग नाही. मी काकूंच्या गॅलरीत उभा राहून हे पाहिले तेव्हा त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भिंत छान आहे हो, पण ती खालच्यांसाठी."

३ डिसेंबर

वरच्या मजल्यांसाठी ब्रेकरवरच तंबू धरायचा प्रयत्न केला. जाड विनाइलचे पडदे लोखंडी चौकटीवर तीन बाजूंनी लावले आणि चौकट ब्रेकरच्या तोंडाभोवती ठेवली. पाच डेसिबलचा फरक पडला. परंतु ब्रेकर दर दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदलतो, आणि प्रत्येक वेळी चौकट हलवायला वीस मिनिटे लागत. ऑपरेटरने दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती बाजूला लोटली आणि मी त्याला बोललो नाही. ४१ हजार रुपये वाया गेले. पडदे पुढे वेगळ्या कामाला आले, ते खाली लिहिले आहे.

५ डिसेंबर

काल वेळ मोडली. डंपर गल्लीच्या तोंडाशी अडकला, त्यामुळे दगड हलला नाही, त्यामुळे ब्रेकरची जागा मोकळी झाली नाही, आणि "एवढा एक कातळ फोडून टाकू" असे म्हणत ब्रेकर सात वीसपर्यंत चालला. मी साइटवर होतो आणि थांबवू शकत होतो. पोलिसांकडे तक्रार गेली, आज अर्धा दिवस चौकीत गेला. कायद्याने रात्र दहाला सुरू होते, त्यामुळे कारवाई झाली नाही, पण बाहेर पडताना एका सचिवांनी विचारले, "मग फलक कशाला लावलात?" याला उत्तर नव्हते.

आजपासून सहाला पाच मिनिटे असताना पहारेकरी शिट्टी मारतो आणि ऑपरेटरने मशिन उतरवायचे. थांबवण्याचा अधिकार पहारेकऱ्याला दिला, मला नाही. मी असलो की वेळ वाढते, हे कालच सिद्ध झाले आहे.

९ डिसेंबर

आठवडाभर ऑपरेटरच्या शेजारी उभे राहून जे दिसले ते आधीच पाहायला हवे होते. दगड फुटल्यावर छिन्नी हवेत सुटते आणि ऑपरेटरने पाय काढेपर्यंत ब्रेकर तीन-चार ठोके रिकामे मारतो. ते रिकामे ठोके सगळ्यांत कर्कश असतात, शिवाय ब्रेकरचे बोल्टही त्यानेच तुटतात. दुसरे म्हणजे बुश (छिन्नीला आत धरणारे कडे) झिजलेला होता, त्यामुळे छिन्नी आत खडखडत होती. तिसरे म्हणजे ब्रेकर उघड्या कुशीचा होता, दोन पाट्यांमध्ये नुसता लटकवलेला. पेटीबंद ब्रेकर मिळतो, त्यात आतमध्ये रबरी गाद्या असतात. भाडे तासाला २०० रुपये जास्त पडेल असे सांगितले गेले; झिजलेल्या बुशाचा मुद्दा काढल्यावर मशिनच्या मालकाने पेटीबंद ब्रेकर मूळ दरातच बदलून दिला.

१२ डिसेंबर

पेटीबंद ब्रेकर, नवी छिन्नी, दर दोन तासांनी ग्रीस, आणि रिकामा ठोका न मारल्यास ऑपरेटरला आठवड्याला ५०० रुपये. तिसऱ्या मजल्यावर ८६ चे ८०. भिंतीने जे वरच्या मजल्यांना दिले नाही ते पेटीने आणि पाचशे रुपयांनी दिले. हे पहिल्या दिवशी केले असते तर भिंत कदाचित साध्या प्लायची पुरली असती.

एक हिशेब येथे नोंदवून ठेवतो. नियमातील मर्यादा दिवसाच्या, म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहापर्यंतच्या सरासरीवर आहे. एकाच पातळीचा आवाज नऊ तासांऐवजी सहा तास केला तर ही सरासरी जेमतेम पावणेदोन डेसिबलने उतरते, म्हणजे कागदावर जवळजवळ काहीच होत नाही. आमचे फोन मात्र आठवड्याला तेवीसवरून चारवर आले, आणि तेही बहुतेक पेटीबंद ब्रेकर येण्याच्या आधीच. ५५ च्या मर्यादेत आम्ही खोदाईच्या एकाही दिवशी बसलो नाही, हेही येथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

१६ डिसेंबर

डंपर. रहदारीच्या बंदीमुळे ते पहाटेच येतात आणि आम्ही बरोबर सहाला भरणी सुरू करत होतो, कारण सहाला कायद्याची रात्र संपते. डिसेंबरात सहाला अंधार असतो. रिकाम्या डंपरच्या तळाशी पहिला कातळ पडतो तो आवाज मशिनच्या आवाजापेक्षा वाईट, कारण तो झोपेतून उठवतो. आता भरणी सातनंतर, आणि आदल्या संध्याकाळी बाजूला काढलेला मुरूम आधी डंपरच्या तळाला वीतभर पसरायचा, मग कातळ. मुरुमाला खर्च नाही. पण सातनंतर भरल्यामुळे दिवसाला एक फेरी कमी होते.

रिव्हर्सच्या 'पी-पी'ची तक्रार सर्वांत जास्त होती. चालकाने वायर तोडण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली, कारण खड्ड्याच्या काठावर माणसे असतात. त्याऐवजी मागील बाजूची कंपाउंड भिंत चार मीटर तोडून दुसरे फाटक केले, डंपर एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडू लागले आणि रिव्हर्स घेण्याचे कारणच संपले. परवानगी व फाटकासह ३८ हजार रुपये. आमच्या पोकलेनला 'पी-पी'ऐवजी खरखर आवाजाचा भोंगा लावला. तो जवळच्या माणसाला नीट ऐकू येतो आणि लांबवर टोचत नाही.

१९ डिसेंबर

पूर्वेच्या हद्दीलगतचा दीड मीटर पट्टा ब्रेकरने फोडू नये असे स्ट्रक्चरल सल्लागारांचे म्हणणे पडले, कारण आवाजापेक्षा हादरा जास्त जातो. तेथे प्रसरण पावणारी पावडर वापरली. ३८ मिलिमीटर व्यासाची, सव्वा मीटर खोल अशी नव्वद भोके, एकेक फुटावर. पावडर पाण्यात कालवून भोकात ओतायची, ती फुगते आणि दगड आवाज न करता तडकतो. निदान पिशवीवर तसे लिहिले होते.

दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी केसाएवढी रेघ दिसली. पिशवीवरचे बारीक अक्षर वाचल्यावर कळले की पुरवठादाराने उन्हाळ्यातल्या तापमानाची पावडर दिली होती आणि सध्या पहाटे खड्ड्यात बारा अंश असतात. शिवाय काळ्या पाषाणाला उभ्या-आडव्या भेगा असतात. निम्म्या भोकांतील काला त्या भेगांतून निघून गेला होता. दोनशे किलो पावडर आणि तीन दिवस गेले.

२४ डिसेंबर

थंडीची पावडर आणली, प्रत्येक भोकात आधी प्लॅस्टिकची लांब पिशवी सोडली आणि संध्याकाळी पाचला भरले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोट जाईल एवढे तडे पडले. हे पाहून उत्साहाने पुढची रांग दुपारी दोनला, उन्हात भरली. तासाभरात एका भोकातून काला कुकरच्या शिट्टीसारखा उडाला आणि तीन मीटर वर गेला. भोकांवर ओले बारदान होते आणि सगळे लांब होते म्हणून कोणाला लागले नाही. डोळ्यात गेला असता तर डोळा गेला असता. थंडीची पावडर सूर्य उतरल्यावरच भरावी, आणि भरल्यावर भोकावर वाकून पाहू नये.

भोके पाडणाऱ्या ड्रिलचा आवाज होतोच. तंबूचे पडदे येथे उपयोगी पडले, कारण ड्रिल एका रांगेत सरकते आणि चौकट दिवसातून दोनदाच हलवावी लागते.

३ जानेवारी

ब्रेकर परत गेला. कामाचे ३० दिवस धरले होते, ४४ लागले. वेळा ठरवल्यानंतरच्या ३८ दिवसांत न वापरलेल्या तासांचे बिल सुमारे १ लाख २२ हजार झाले. प्रकल्पाच्या मालकांनी हा आकडा दोनदा विचारला. २०१७ साली मुंबईत भुयारी मेट्रो-३ चे रात्रीचे काम उच्च न्यायालयाने थांबवले होते, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्या तुलनेत आम्ही आपणहून थांबलो ते स्वस्त पडले, असे माझे मत आहे. मालकांचे मत अजून कळलेले नाही.

१३ जानेवारी

भाड्याच्या जनरेटरची तक्रार आली, जी मी आधी मानली नाही, कारण असा जनरेटर पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो आणि आमच्याकडे तसे प्रमाणपत्र होते. मोजले तर ८७. पेटीची दोन्ही दारे उघडी होती. जनरेटर भिंतीला चिकटवून ठेवल्यामुळे गरम हवा परत आत येत होती, यंत्र तापून बंद पडत होते, म्हणून इलेक्ट्रिशियन दारे उघडी ठेवत होता. जनरेटर भिंतीपासून दोन मीटर पुढे ओढला, दारे बंद केली, ७४ आले. खर्च शून्य.

२० जानेवारी

राफ्टचे काँक्रीट ४२० घनमीटर आहे. पंपाचा वेग ताशी पंचवीस घनमीटर धरला तर सलग सतरा तास लागतात, म्हणजे रात्र आलीच. ठेकेदारांना रात्रच हवी होती. रस्ते मोकळे आणि हवा थंड. पण निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवण्यास २०१० च्या दुरुस्तीने सरळ मनाई आहे, आणि पंप व व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे यंत्र) त्यात येतात. सल्लागारांकडून राफ्टचे १४० घनमीटरचे तीन भाग करून घेतले. सांध्यांना जाळी, वॉटरबार (पाणी अडवणारी पट्टी) आणि पृष्ठभाग खरवडण्याची मजुरी मिळून ९२ हजार जास्त.

६ फेब्रुवारी

तिन्ही भाग झाले (३० जानेवारी, ३ आणि ६ फेब्रुवारी), प्रत्येक वेळी अकरा ते साडेचार. पहिल्या दिवशी पाच मिक्सर एकदम गल्लीत येऊन इंजिन चालू ठेवून उभे राहिले; ड्रम फिरवत ठेवावा लागतो, त्यामुळे इंजिन बंद करा म्हणता येत नाही. दुसऱ्या वेळेपासून मिक्सर मोठ्या रस्त्यावर थांबवून फोनवर एकेक बोलावला. तिसऱ्या वेळी एकही फोन आला नाही, रात्रपाळीच्या तरुणाचा सोडून.

१० फेब्रुवारी

उद्या बारावीची परीक्षा सुरू होत आहे. परीक्षेच्या काळात सकाळ-संध्याकाळ काम करू आणि दुपारी बंद ठेवू, असे मी मोठ्या समजूतदारपणे सचिवांना कळवले होते. आज शेजारची परीक्षा देणारी मुलगी स्वतः फाटकावर आली. "काका, अकरा ते दोन मी पेपरलाच असणार. तेव्हा काय ते ठोका, सकाळी आणि संध्याकाळी नको." वेळापत्रक उलटे केले.

२२ मार्च

खालच्या तळघराचा स्लॅब खोलायला, म्हणजे त्याखालचे शटरिंग काढायला, घेतला. मजुरांनी लोखंडी प्लेटा वरून सोडून दिल्या, बंद तळघरात त्या घंटेसारख्या वाजल्या आणि पाच मिनिटांत काकूंचा फोन आला. चाळीस जुने टायर आणून खाली पसरले, प्लेट दोघांनी धरून टायरवर उतरवायची असे ठरवले. स्लॅब खोलायला दोन दिवसांऐवजी तीन लागले. पुढच्या स्लॅबची तारीख फलकावर लिहिली आहे आणि त्याखाली प्लेटा उतरवण्याची वेळ, दहा ते एक.